‘चार्ली’ची नोंद: इंग्लिश खाडीत 24 नोव्हेंबर 2021च्या पहाटे काय चुकलं

23 नोव्हेंबर 2021च्या रात्री उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कजवळच्या किनाऱ्यावरून एक फुगवलेली रबरी बोट इंग्लंडच्या दिशेनं निघाली. बोटीत किमान 33 माणसं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘सँ-जाक 2’ या फ्रेंच मासेमारी बोटीला पाण्यात मृतदेह तरंगताना दिसले. एकूण 27 मृतदेह मिळाले, 4 जण आजही बेपत्ता आहेत आणि 2 जण वाचले. मृतांमध्ये बहुसंख्य इराकी कुर्द होते. त्यांच्याखेरीज अफगाण, इथिओपियन, सोमाली, इजिप्शियन, इराणी कुर्द आणि एक व्हिएतनामीही होता. त्यांत सात स्त्रिया, एक सोळा वर्षांचा मुलगा आणि एक सात वर्षांची मुलगी होती.

लहान बोटींच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये 2018पासून जो वाद पेटला आहे, त्यात या रात्रीचा दाखला दोन्ही बाजू देतात. एक बाजू म्हणते, तस्करांना रोखलं नाही म्हणून हे झालं. दुसरी म्हणते, कायदेशीर मार्ग बंद केले म्हणून झालं. दोन्हींत तथ्य आहे. पण माणसं त्या रात्रीच का मेली, याचं उत्तर त्यात सापडत नाही. बोट बुडण्याआधी दोन्ही देशांच्या बचाव केंद्रांना ती संकटात असल्याचं माहीत होतं, तिच्यावरच्या लोकांशी त्यांचं बोलणंही झालं होतं. इथून पुढचा तपशील हे माहीत असणं आणि तरीही माणसं बुडणं यांच्या मधल्या दुव्याचा आहे.

बोटीनं का?

डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर आहे. स्वच्छ दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लंडचे पांढरे कडे दिसतात. 2016पर्यंत बहुतेक लोक लॉरीच्या मागच्या भागात लपून पलीकडे जायचे. त्या वर्षी कॅले या फ्रेंच बंदराजवळची स्थलांतरितांची मोठी झोपडवस्ती पाडली गेली. बंदराभोवती कुंपणं उभी राहिली, कुत्री आली, हृदयाचे ठोके आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपणारी यंत्रं आली. लॉरीचा मार्ग जसजसा आवळत गेला तसतशी तस्करांनी समुद्राची वाट धरली. 2018मध्ये बोटींतून 299 माणसं ब्रिटनमध्ये पोहोचली, 2019मध्ये 1,843, 2020मध्ये 8,466 आणि 2021मध्ये 28,526.

ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर अर्जदार ब्रिटनच्या भूमीवर हजर असावा लागतो, आणि आश्रयासाठी म्हणून वेगळा व्हिसा नाही. युक्रेन, हाँगकाँग, अफगाणिस्तान अशा ठरावीक गटांसाठी योजना निघाल्या. इराकी कुर्दाला किंवा इरिट्रियन तरुणाला त्यांचा उपयोग नव्हता. शिवाय 1 जानेवारी 2021पासून आश्रयाचा अर्ज कोणत्या देशानं तपासायचा हे ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या डब्लिन नियमांतून ब्रिटन बाहेर पडला, त्यामुळे आधीच्या देशात परत पाठवण्याची मुळातच तोकडी असलेली सोयही गेली.

या घटनेच्या आठ दिवस आधी, 16 नोव्हेंबरला, डंकर्कजवळच्या ग्रांद-सिंथ इथली मोठी छावणी पोलिसांनी रिकामी केली होती. अशी कारवाई झाली की लोक काही दिवसांसाठी विखुरतात आणि पुन्हा तिथल्याच झाडीत जमतात. हवामान निवळण्याची वाट पाहणाऱ्यांची गर्दी तेवढीच राहते.

बोट कशी असते

तस्करांच्या बोटींना बोट म्हणणं हाच एक सौजन्याचा भाग आहे. साधारण आठ ते दहा मीटर लांबीच्या, पातळ पीव्हीसी कापडाच्या या नळ्या फक्त एका फेरीसाठी बनवलेल्या असतात. शिवण एकेरी, डिंक हलका. चांगल्या फुगवायच्या बोटीत नळीचे आतून कप्पे पाडलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगत राहतात. इथे कप्पे कमी किंवा नावापुरते असतात. तळाला कडक सांगाडा नसतो, प्लायवूडच्या फळ्या टाकलेल्या असतात. मागे 30 ते 40 अश्वशक्तीचं एकच आउटबोर्ड इंजिन आणि प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल. कोकणात तेवढ्याच लांबीच्या फायबरच्या होडीवर चार-पाच खलाशी आणि जाळी असतात. इथे तिच्याहून कमकुवत सांगाड्यावर तीसच्या वर माणसं बसवतात.

माल बहुधा चीनमध्ये तयार होतो, तुर्कस्तानमार्गे जर्मनीतल्या गोदामांत येतो आणि हवामान बघून एका रात्रीत गाडीनं किनाऱ्यावर पोहोचतो. जुलै 2022मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून छापे घातले तेव्हा जर्मनीत ओस्नाब्रुकच्या परिसरात सुमारे दीडशे बोटी आणि हजाराहून अधिक लाईफ जॅकेट सापडली. बोट चालवायला तस्कर स्वतः येत नाही. प्रवाशांपैकीच एकाला सुकाणू दिलं जातं, बदल्यात त्याचं भाडं कमी होतं किंवा माफ होतं. पुढे कोर्टात उभा राहतो तो बऱ्याचदा हाच माणूस.

अशी बोट बिघडते तीही ठरावीक क्रमानं. एका बाजूची नळी हळूहळू हवा सोडू लागते. बोट त्या बाजूला कलते, लाटेचं पाणी आत येतं. तळाशी बसलेल्यांच्या पायाशी समुद्राचं पाणी आणि सांडलेलं पेट्रोल मिसळतं, आणि त्या मिश्रणानं कातडी भाजते. लोक उठून उभे राहतात, सगळा भार एका जागी येतो, फळ्या सरकतात आणि बोट मधोमध दुमडते. इंजिन त्याआधीच बंद पडलेलं असतं. त्या रात्री थोड्याफार फरकानं हेच झालं. वाचलेल्यांच्या सांगण्याप्रमाणे एका बाजूची हवा जाऊ लागली, लोकांनी पंपानं भरण्याचा प्रयत्न केला आणि पाणी उपसलं, पण जमलं नाही.

सीमारेषेवरचे दूरध्वनी

या खाडीत बचावाची जबाबदारी दोन केंद्रांकडे आहे. इंग्लंडच्या बाजूला डोव्हरचं कोस्टगार्ड केंद्र, फ्रान्सच्या बाजूला कॅप ग्री-ने इथलं ‘क्रॉस’. मधे दोघांची हद्द ठरवणारी रेषा आहे, जी नकाशात आहे आणि पाण्यात नाही. इथे भरती-ओहोटीचा प्रवाह ताशी तीन-चार सागरी मैलांपर्यंत जातो. इंजिन बंद पडलेली बोट तासाभरात पाच-सहा किलोमीटर वाहते, म्हणजे एकाच रात्री ती फ्रेंच पाण्यात, ब्रिटिश पाण्यात आणि पुन्हा फ्रेंच पाण्यात असू शकते. त्यातून दिवसाला चारशेहून अधिक मोठी जहाजं याच पट्ट्यातून ये-जा करतात.

खाली सर्व वेळा ब्रिटिश घड्याळाप्रमाणे आहेत. फ्रान्स एक तास पुढे आहे. हा एक तास नंतर कागदपत्रं जुळवताना सतत आडवा येतो.

00:48च्या सुमारास बोटीवरून फ्रेंच केंद्राला पहिला फोन गेला: 33 जण आहोत, बोट मोडली आहे. केंद्रानं व्हॉट्सअॅपवर ठिकाण पाठवायला सांगितलं. 01:05ला ठिकाण आलं. ते ब्रिटिश हद्दीपासून 0.6 सागरी मैलांवर, म्हणजे जेमतेम एक किलोमीटरवर होतं. यानंतर फ्रेंच केंद्राला करता येण्यासारखी गोष्ट सरळ होती. त्यांचं ‘फ्लामां’ हे गस्तीजहाज त्याच भागात होतं आणि ब्रिटिश जहाजापेक्षा जवळ होतं. ते पाठवलं गेलं नाही. 01:28ला डोव्हरला फोन करून सांगण्यात आलं की बोट तुमच्या हद्दीच्या अगदी जवळ आहे. डोव्हरनं काही मिनिटांतच बॉर्डर फोर्स या ब्रिटनच्या सीमारक्षक दलाच्या ‘व्हॅलियंट’ जहाजाला रवाना केलं. डोव्हरच्या नोंदवहीत या बोटीला नाव मिळालं ‘चार्ली’.

01:48ला बोटीवरच्या एका किशोरवयीन मुलाचा डोव्हरला फोन आला. तो वीस मिनिटांहून अधिक चालला. 02:27ला डोव्हरनं ‘मेडे रिले’ प्रसारित केला, म्हणजे परिसरातल्या सर्व जहाजांना मदतीला धावण्याचं आवाहन. ‘फ्लामां’नं प्रतिसाद दिला नाही. 02:31ला त्याच मुलाचा पुन्हा फोन आला, आणि तेव्हा बोट भरत चालली होती. दरम्यान फ्रेंच केंद्रालाही फोन येतच होते. 02:30च्या आसपास, आम्ही अक्षरशः पाण्यात आहोत, असं सांगणाऱ्याला उत्तर मिळालं की तुम्ही इंग्लिश पाण्यात आहात. फोनवरचं बोलणं न कळल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यानं सहकाऱ्यांसमोर काढलेले उद्गारही ध्वनिमुद्रणात आहेत: ऐकू येत नसेल तर तू वाचणार नाहीस; आणि, निघायला मी नव्हतं सांगितलं. वर्षभरानं, नोव्हेंबर 2022मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकानं ही संभाषणं छापली आणि फ्रान्समध्ये खळबळ उडाली.

शेवटचा फोन तीननंतर थोड्याच वेळात आला.

यात तांत्रिक गुंता खरा आहे, तोही सांगायला हवा. खाडीच्या मध्यावर मोबाईल कधी फ्रेंच टॉवर पकडतो, कधी ब्रिटिश. 112 लावलं की फोन ज्या देशाचा टॉवर त्या देशात जातो. पलीकडून वाजणाऱ्या रिंगच्या आवाजावरूनच कोणत्या देशाचं नेटवर्क आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धत होती. एकाच बोटीवरून पाच जण पाच ठिकाणी फोन करतात: ब्रिटनचा आपत्कालीन क्रमांक 999, युरोपभरचा 112, फ्रान्सची 196 ही समुद्री आपत्कालीन सेवा, 15 ही वैद्यकीय सेवा, आणि ‘उतोपिया 56’सारख्या स्वयंसेवी संस्था. प्रत्येक जण बोटीवरच्या माणसांची संख्या वेगळी सांगतो. त्यामुळे त्या रात्री किती बोटी आहेत आणि किती फोन एकाच बोटीचे आहेत, हे कोणत्याच टेबलावर स्पष्ट नव्हतं.

तीन बोटी सापडल्या, चौथी गृहीत धरली

‘व्हॅलियंट’ त्या भागात साडेतीनच्या सुमारास पोहोचलं. तिथे त्याला तीन रबरी बोटी मिळाल्या. जवळपास शंभर माणसांना वर घेण्यात आलं. ही माणसं धडधाकट होती आणि त्यांच्या बोटी बुडत नव्हत्या. यातलीच एखादी ‘चार्ली’ असावी, असं मानलं गेलं.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत महागात पडलेली चूक हीच. सापडलेल्या बोटी नोंदीशी पडताळायला साधे प्रश्न पुरेसे होते: किती जण आहात, लहान मुलं किती, बोटीचा रंग कोणता, आत पाणी आहे का, इथून कुणी कोस्टगार्डला फोन केला होता का आणि कोणत्या क्रमांकावरून. ज्या क्रमांकावरून वीस मिनिटं बोलणं झालं होतं तो फोन वर घेतलेल्यांपैकी कुणाच्या खिशात आहे का, हे विचारलं असतं तर ‘चार्ली’ अजून पाण्यात आहे हे कळलं असतं. फोन येणं बंद झालं, याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. त्या रात्री सोयीचा अर्थ लावला गेला.

हा अर्थ इतका सहज का लावला गेला, याचं उत्तर एका रात्रीत नाही. लहान बोटींतून फोन करणारे परिस्थिती वाढवून सांगतात, असा समज दोन्ही किनाऱ्यांवर रुजला होता. तो अगदी निराधार होता असं नाही. लवकर उचलावं म्हणून ‘बुडतोय’ म्हणणारे फोन येत असत. पण अशा समजातून एक पद्धतच तयार होते. प्रत्येक हाक सरसकट अर्ध्या किमतीनं मोजली जाते, आणि खरी हाक आली तरी तिचीही किंमत अर्धीच लागते. बचावाच्या कामात याउलट नियम असतो. शंका असेल तोवर संकट खरं धरायचं आणि माणसं मोजून मिळेपर्यंत नोंद बंद करायची नाही.

वरून पाहणारे डोळेही त्या रात्री नव्हते. त्या रात्री बोटी निघण्याची शक्यता अति दाट असल्याचा अंदाज आधीच वर्तवला गेला होता, म्हणजे गर्दी अपेक्षित होती. ठरलेली टेहळणी विमानं मात्र हवामानामुळे उडाली नाहीत आणि त्यांना पर्याय ठेवलेला नव्हता. डोव्हर केंद्रात त्या पाळीला तिघं होते, त्यांतला एक प्रशिक्षणार्थी. हेलिकॉप्टर गेलं, शोधलं, आणि काही सापडलं नाही म्हणून परतलं.

आणि माणसं लगेच मेली नव्हती. नोव्हेंबरअखेर खाडीचं पाणी साधारण 13 अंशांच्या आसपास असतं. पहिल्या काही मिनिटांत थंडीच्या धक्क्यानं श्वासावरचा ताबा सुटतो आणि नाकातोंडात पाणी जातं. त्यातून तगलेल्याच्या हातापायांतली ताकद अर्ध्या-पाऊण तासात जाते. पण ज्याला धरायला काही मिळतं तो कित्येक तास जिवंत राहू शकतो. वाचलेल्यांपैकी एकानं नंतर चौकशीत सांगितलं की उजाडलं तेव्हा सुमारे पंधरा जण बोटीच्या अवशेषाला धरून होते. मासेमारी बोट आली ती बोट बुडाल्यानंतर जवळपास दहा तासांनी. त्या पंधरा जणांचा विचार करता पहाटे नोंद उघडी ठेवण्याला काय किंमत होती, ते समजतं.

वादाचं रान

दुसऱ्या दिवशी, 25 नोव्हेंबरला, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों यांना लिहिलेलं पत्र ट्विटरवर जाहीर केलं. त्यात ब्रिटनमध्ये पोहोचलेल्यांना फ्रान्सनं परत घ्यावं ही मागणी होती. पॅरिसला पत्रापेक्षा ते चव्हाट्यावर मांडण्याची पद्धत जास्त झोंबली. 28 तारखेच्या कॅलेच्या बैठकीचं गृहमंत्री प्रीती पटेल यांना दिलेलं आमंत्रण मागे घेण्यात आलं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी बैठकीला होते, ब्रिटन नव्हता. ज्या दोन केंद्रांमधल्या फटीत माणसं बुडाली, त्यांची सरकारं चौथ्या दिवशीही एका टेबलावर बसली नाहीत.

वाद आधीपासूनच तापलेला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रेक्झिटवादी नेते नायजेल फराज यांनी आरएनएलआय या स्वयंसेवी जीवरक्षक संस्थेला तस्करांची टॅक्सीसेवा म्हटलं होतं. त्यावर संस्थेच्या देणग्या उलट वाढल्या. बोटी समुद्रात मागे ढकलण्याची सरकारची योजना एप्रिल 2022मध्ये, कोर्टात सुनावणी होण्याआधी मागे घेतली गेली. त्याच महिन्यात बोटींनी आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवण्याची योजना आली. 14 जूनचं पहिलं विमान युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे उडालं नाही, 15 नोव्हेंबर 2023ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं योजना बेकायदा ठरवली, आणि जुलै 2024मध्ये आलेल्या लेबर सरकारनं ती गुंडाळली. तोवर तिच्यावर सुमारे 70 कोटी पौंड खर्च झाल्याचं नव्या गृहमंत्र्यांनी सांगितलं. 

मराठी वाचकाला या वादातले चेहरे ओळखीचे वाटतील. ‘दक्षिण किनाऱ्यावरचं आक्रमण’ असे शब्द ऑक्टोबर 2022मध्ये संसदेत वापरणाऱ्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या कुटुंबातले, केनियातून ब्रिटनला गेलेले. आणि बोटींत भारतीयही होते. 2023च्या पहिल्या तीन महिन्यांत 675 भारतीय बोटींनी पोहोचले, आदल्या संपूर्ण वर्षात 683. सर्बियात भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येत असे. ती सवलत 1 जानेवारी 2023ला संपली आणि त्यानंतर काही महिन्यांत हा ओघही ओसरला. धमक्यांपेक्षा एखाद्या विमानतळावरचा व्हिसानियम किती परिणाम करतो, त्याचं हे उदाहरण वादात क्वचित येतं.

संख्येबद्दल आणखी एक गोष्ट. 2022मध्ये 45,774 माणसं बोटींनी आली. त्याच काळात ब्रिटनमध्ये कायदेशीर मार्गानं येणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर होती. बोटीवाले त्यांच्यापुढे थोडे, पण ते दिसतात, कॅमेऱ्यात येतात आणि हॉटेलांत ठेवले जातात. 2023मध्ये या हॉटेलांचा खर्च दिवसाला सुमारे 80 लाख पौंड होता. लोकांचा राग त्या हॉटेलांवर का निघतो हे समजण्यासारखं आहे. अर्जांचा निकाल वर्षानुवर्षं लांबवल्यानं तो खर्च फुगला, हे मात्र निदर्शनांच्या फलकांवर लिहिलं जात नाही.

नंतर काय बदललं, काय नाही

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं नोव्हेंबर 2023मध्ये अहवाल दिला. विमानं उडू शकत नसतील तेव्हाची पर्यायी टेहळणी आणि दोन्ही देशांमधल्या माहितीची देवाणघेवाण या मुद्द्यांवर त्यात बोट ठेवलेलं आहे. त्यानंतर निवृत्त न्यायाधीश सर रॉस क्रॅन्स्टन यांच्याखाली स्वतंत्र चौकशी नेमली गेली आणि मार्च 2025मध्ये तिच्यापुढे उघड साक्षी झाल्या. फ्रान्समध्ये केंद्रातले आणि ‘फ्लामां’वरचे मिळून सात लष्करी कर्मचारी संकटातल्या व्यक्तीला मदत न केल्याच्या आरोपाखाली आले. डोव्हरला माणसं वाढली, टेहळणी वाढली, नोंदी ठेवण्याची पद्धत सुधारली.

पण मृत्यूंची जागा सरकली. 2021मध्ये 1,034 बोटी आल्या, म्हणजे बोटीमागे सरासरी 28 माणसं. 2024मध्ये 695 बोटींतून 36,816 जण आले, बोटीमागे 53. मधल्या काळात बोटींचा पुरवठा आवळला गेला आणि किनाऱ्यावर पोलीस वाढले. 2023च्या मार्चमध्ये ब्रिटननं फ्रान्सला तीन वर्षांत सुमारे 48 कोटी पौंड द्यायचं कबूल केलं होतं. बोटी कमी झाल्या, ग्राहक तेवढे कमी झाले नाहीत, म्हणून उरलेल्या बोटींत जास्त माणसं कोंबली जाऊ लागली. पोलीस वाळूवर बोटी फाडतात म्हणून तस्करांनी ‘टॅक्सी बोट’ काढली: बोट दूरच्या कालव्यातून किंवा नदीतून फुगवून आणायची, किनाऱ्याला समांतर चालवायची, आणि लोकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिची वाट पाहायची. ती आली की सगळे एकदम चढतात.

23 एप्रिल 2024ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या विमरो इथे अशाच एका बोटीवर शंभराहून अधिक जण चढले. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाच जण मेले, त्यांत सात वर्षांची एक मुलगी. 3 सप्टेंबरला कॅप ग्री-नेजवळ एका बोटीचा तळ फाटून बारा जण गेले. सत्तरहून अधिक बळी घेणारं ते वर्ष या खाडीतलं सर्वांत घातक ठरलं. यातल्या बऱ्याच घटना फ्रेंच किनाऱ्यालगतच्या, चेंगराचेंगरीच्या किंवा चढतानाच्या. तिथे ना हद्दीची रेषा आड येते, ना फोनचं नेटवर्क, आणि डोव्हरच्या नोंदवहीतल्या सुधारणा तिथवर पोहोचत नाहीत. गुडघाभर पाण्यातली बोट अडवायची की गर्दी उसळेल म्हणून जाऊ द्यायची, यावर फ्रेंच पोलीस आणि लंडनचे मंत्री यांची ओढाताण चालत आली आहे. 2021च्या त्या रात्रीच्या चुका दुरुस्त करता येण्यासारख्या होत्या. या नव्या मृत्यूंसाठी तसा सोपा उपाय दोन्ही किनाऱ्यांवर कुणीही अजून मांडलेला नाही.